नदीच्या ओटीचे तांदूळ

नाव गळायला लागली म्हणून मला चिंचवड बघायला मिळालं. एरवी आम्हा नावाड्यांच्या बायकांना गावं दिसायची ती पाण्यातनं. घाट, धुणं आपटणाऱ्या बायका, देवळाचा कळस, की गाव गेलं मागं. आत काय आहे ते आम्हाला कोण दाखवतंय! त्या दिवशी मात्र नाव काठावर ओढून ठेवली होती, दिवस मोकळा होता, आणि आमचे हे म्हणाले, "चल, तुला चार ठिकाणं दावतो." मी म्हटलं, "चला." त्या दिवसांत मला कुणी विहिरीत उडी टाक म्हटलं असतं तरी मी "बरं" म्हणून पदर खोचला असता.

सन मला विचारू नका. पिंपरीचा औषधाचा कारखाना नुकता सुरू झाला होता आणि आमच्या गावच्या पुलाचे नुसते खांब पाण्यात उभे राहिले होते, एवढं धरून चाला. आमचं गाव मावळात, पवनेच्या अलीकडच्या काठाला. तळेगावचा बाजार, तळेगावचा डॉक्टर, आगगाडी, सगळं पलीकडं. मधे नदी, आणि नदीवर माझ्या सासऱ्यांची नाव. आता पूल होणार म्हटल्यावर नावेला काम उरणार नव्हतं. मामंजींचा एक मावसभाऊ खाली भीमेच्या काठाला राहायचा, त्याची नाव कुजून गेली होती. मामंजी म्हणाले, आपली त्याला देऊन टाकू. दसरा झाल्यावर, पाणी उतरायच्या आत, आम्ही निघालो. पवनेतनं मुळेत, मुळेतनं पुढं भीमेत असा बऱ्याच दिवसांचा प्रवास होता. बंधारा आला की जवळच्या गावातले बैल लावून नाव काठाकाठानं ओढायची, पलीकडं परत पाण्यात घालायची. मागं वल्ह्यावर मामंजी, पुढं बांबू घेऊन हे, आणि मधे शेगडी, पिठाचा डबा आणि मी.

मला का नेलं? तर सासूबाई म्हणाल्या म्हणून. आम्ही सासूला आत्याबाई म्हणतो. "न्या हिला संगं," त्या म्हणाल्या. "दिसभर भिताडाकडं बघत बसती. वाटंत हिचं म्हायेर लागतंय, चार दिस आईपाशी ऱ्हाईल, जिवाला बरं वाटंल." भीमेच्या अलीकडंच माझ्या माहेरचा घाट होता, ते खरंच होतं.

मी लगेच तयार झाले, कारण मी मनाशी पक्कं केलं होतं. माहेरच्या घाटाला उतरायचं ते कायमचं. परत ह्या घरात यायचं नाही, ह्या नवऱ्याचं तोंड बघायचं नाही. त्या बाजूला जाणाऱ्या एका बाईजवळ भावाला निरोपही धाडला होता, की घाटावर बैलगाडी घेऊन थांब, माझं सगळं सामान असेल. ह्यांना यातलं काही बोलले नव्हते. भांडण नाही, आदळआपट नाही. आणि मी म्हणजे काय साधी नव्हते हो! माझ्या तोंडाला आमची अख्खी आळी टरकून असायची. पण आखाडापासनं माझं तोंडच मिटलं होतं.

आखाडात आमचं पोर गेलं. चार वर्षांचं होतं. त्याचं नाव मी इथं घेत नाही.

कसं गेलं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. उन्हाळ्यात पाणी आटलं की आमच्याकडं नाव काठावर चढवून ओंडक्यांवर ठेवतात आणि ती घसरू नये म्हणून पुढच्या ओंडक्याला पाचर मारतात. आखाडात नवं पाणी आलं, पहिला पूर आला, की आधी नदीची ओटी भरायची आणि मगच पाचर काढायची. ओटीवाचून नाव पाण्यात घालायची नाही. बरं, ती पहिली ओटी काय कुणीही भरायची नाही. तो मान पाटलाच्या घरातल्या सवाष्णीचा. त्या साली पाटलीणबाई विधवा झालेल्या. म्हणजे मान गेला त्यांच्या नव्या सुनेकडं. आणि नवी सून आखाडात सासरी कशी सापडेल? ती रीतीप्रमाणं माहेरी गेलेली. दोन्ही रीती आमच्याच, आणि दोन्हींच्या मधे माझं पोर सापडलं.

पूर आला त्याच रात्री त्याला ताप भरला. सकाळपर्यंत छाती घरघरायला लागली. मी म्हटलं, तळेगावला न्यायचं, आत्ताच्या आत्ता. नदी भरून चालली होती, पण त्याहून मोठ्या पाण्यात मामंजींनी नाव घातलेली मी बघितली होती. पाण्याला ते भीत नव्हते, ओटीला भीत होते. त्यांचा धाकटा भाऊ ओटीवाचून असाच नव्या पाण्यात नाव घेऊन गेला होता आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाला होता. "एकाला घालवलाय," ते म्हणाले, "तुमाला तिघांस्नी न्हाई घालवायचं." आणि पाटलाच्या सुनेला आणायला गाडी धाडली. चिखलातनं गाडी ती किती पळणार!

मी ह्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "तुम्ही घाला नाव. मी पोराला घेऊन बसते. बुडलो तर तिघं बुडू." हे उठून नावेपाशी गेले. मला वाटलं, घालतात. तर वल्हं मांडीवर घेऊन तिथंच बसले. "आबा न्हाई म्हणत्यात," एवढंच बोलले. दिवस गेला, रात्र गेली, हा माणूस तिथंच पावसात वल्हं धरून बसलेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाटलाची सून आली. हिरवं लुगडं, चिंब भिजलेली, अजून अंगावरची हळद न उतरलेली पोर. तिला कशाचा काही पत्ता नाही. तिनं ओटी भरली, हात जोडले. नाव पाण्यात गेली. पलीकडं गाडी मिळाली. तळेगावला डॉक्टरच्या ओसरीवर पोराला ठेवलं, तेव्हा त्यानं नुसता हात लावला आणि म्हणाला, "उशीर केलात."

मी रडले नाही. बायका म्हणाल्या, रड गं, मोकळी हो. नाही आलं रडू. भाकरी थापायची, खायची, भांडी घासायची, निजायचं. कुणी चिमटा काढला असता तरी कळलं नसतं.

आता चिंचवडचं. चिंचवडच्या अलीकडं नावेच्या तळाचे सांधे ढिले झाले आणि मी तांब्यानं पाणी उपसून उपसून थकले. घाटाशी नाव लावली. तिथल्या चार माणसांनी हात लावून ती वर ओढली, ओंडक्यांवर ठेवली, पाचर मारली. मामंजी म्हणाले, "सांधे भरून डांबर वाळेस्तोवर सांज हुईल. तुमी जावा गावात." त्यांना माझ्याकडं बघायचं नसायचं. मलाही त्यांच्याकडं बघायचं नसायचं. एवढ्याशा नावेत तीन माणसं एकमेकांकडं न बघता इतके दिवस कशी काढतात, ते आमच्याकडनं शिकावं.

पहिलं देऊळ बघितलं. नदीला लागूनच गणपतीचं. हे पायरीशी वाकले, माझ्याकडनं फुलं वाहायला लावली. मी वाहिली. हे म्हणाले, "लई जुनं हाय." मी म्हटलं, "असंल." काय मागायचं देवाकडं ते मला सुचेना, म्हणून घंटा बघितली. मोठी होती.

मग पिंपरीकडं निघालो. वाट रुळांच्या कडेनं होती, दोन्ही बाजूंना बाजरीची शेतं, कापणीला आलेली. हे पुढं, मी मागं. गाडीची शिट्टी ऐकली तसे हे थांबले, मला हाताला धरून कडेला घेतलं आणि म्हणाले, "बघ, मुंबैची." गाडी गेली. खिडक्यांतनं माणसं बघत होती. एका बाईनं तान्हं पोर खिडकीशी धरलं होतं. ह्यांनी चटकन माझ्याकडं बघितलं. मी रुळांवरचे दगड बघत होते. त्यांना वाटलं असणार हिच्या काळजाला घरं पडली. खरं सांगू? काही वाटलं नाही. मला तेव्हा माझ्या चपलेच्या अंगठ्याचीच काळजी होती, तो तुटायला आला होता.

पिंपरीत निर्वासितांची वसाहत होती. लांबच लांब एकासारख्या एक खोल्या, आणि पुढं फळ्या टाकून मांडलेली दुकानं. पापड, लोणची, कापडं, आरसे, कंगवे. तिथल्या सिंधी बायका सलवार घालून दुकानात बसलेल्या, बेधडक बोलणाऱ्या. आमच्याकडच्या बाईनं दुकानात बसणं मला तोवर ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्यातल्या एकीकडं जरा बघत राहिले. तिनं मला खूण करून बोलावलं, बसायला खोका दिला, पाणी दिलं. ह्यांनी माझ्यासाठी बांगड्या बघायला घेतल्या. ती माझ्या हातात बांगड्या चढवता चढवता ह्यांना म्हणाली, "बच्चे कितने हैं?"

"येक हाय," हे म्हणाले.

हाय! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! आखाडापासनं पहिल्यांदा काहीतरी झालं अंगात. वाटलं, बांगड्या फोडाव्यात आणि ओरडावं, हाय तर दाखवा कुठं हाय तो! पण ती तिडीकही ओसरली. मी हात पुढं केला, दुसऱ्या हातातही भरून घेतल्या. ती बाई म्हणाली, "जीते रहें," आणि पोरासाठी म्हणून एक पापड कागदात गुंडाळून ह्यांच्या हातात दिला. हे तो पापड हातात धरून चालत राहिले. टाकवेना, खाववेना. शेवटी कुठं ठेवला कोण जाणे.

"आता कारखाना बगू," हे म्हणाले. "लोक लांबनं बगाया येत्यात." मी म्हटलं, "बघू."

कारखाना म्हणजे काय, तर भलंमोठं फाटक, आत हिरवीगार हिरवळ, पांढऱ्या इमारती आणि वर गेलेल्या नळ्याच नळ्या. धूर दिसेना. मला वाटलं होतं कारखान्यात धूर असतो. एक विचित्र वास मात्र होता, शिळ्या पिठासारखा. फाटकाशी खाकी कपड्यातला पहारेकरी होता. चाकणकडच्या एका वाडीचा, शेतकऱ्याचाच पोरगा. आमचा वेष बघून त्यानंच हाक मारली, "कुठलं पाव्हणं?"

"मावळातलं," हे म्हणाले. "नाव घिऊन चाललोय भीमंला."

"मंग आत न्हाई सोडता यायचं, पर हितनं बगा की निवांत." आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. नोकरीचं त्याला इतकं कौतुक की विचारूच नका. आत केवढ्या मोठ्या टाक्या आहेत, पाणी कसं तुमच्याआमच्या नदीचंच लागतं, आणि औषध कशाचं करतात म्हणाल, तर बुरशीचं. "शिळ्या भाकरीला बुरशी धरती का न्हाई, वैनी? तसलीच. तिच्यापास्नं ही सुई करत्यात. तुमी फेकून देता, हितं तिला पोराबाळावानी जपत्यात."

मला हसू यायचं ते आलं नाही. त्याच सकाळी मी बुरसलेली भाकरी नदीत टाकली होती.

"कशावर चालती ही सुई?" ह्यांनी विचारलं.

"कशावर म्हंजी? लई कशाकशावर. पर मेन म्हंजी छातीवर. कफ धरला, ताप चढला, पोर घरघराया लागलं, की द्या सुई. माज्या भाच्याला दिली फागुनात. आमी तर आशा सोडली व्हती. तिसऱ्या दिशी बैलाचं शेपूट पिळत व्हता." पहारेकरी हसला.

हे हसले नाहीत. फाटकाच्या गजाला धरून म्हणाले, "तळेगावला मिळती?"

"आता समदीकडं मिळती."

"घरघर लागल्यावर... दिसभरानं दिली तर?"

पहारेकऱ्याच्या लक्षात काहीतरी आलं असावं. त्यानं माझ्याकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. "मी काय डाक्टर न्हाई, भाऊ," तो हळू आवाजात म्हणाला. "पर जितक्या लवकर तितकं बरं, आसं म्हणत्यात."

हे फाटकापासनं बाजूला झाले आणि रस्त्याच्या कडेला मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले. मी उभी राहिले. सायकलवरनं कामगार येत-जात होते. मी मनात म्हटलं, बघितलंत? बघा आता नीट. पण राग म्हणून नाही हो, नुसतंच, कोरडंच. माझ्या डोक्यात घोळत होतं ते दुसरंच. बुरशी. त्या सबंध पावसाळ्यात आमच्या दुरडीतल्या भाकरीला बुरशी धरत होती आणि मी ती खरवडून टाकत होते.

बऱ्याच वेळानं मीच म्हटलं, "चला. मामंजी वाट बघत असतील." हे उठले. येताना हे पुढं चालले नाहीत, माझ्या बरोबरीनं चालले. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं असतं तर हसलं असतं आम्हाला.

घाटावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मामंजींनी सांधे भरून, डांबर फासून नाव तयार ठेवली होती. आणि नावेपुढं सूप मांडलं होतं. सुपात तांदूळ, आमच्या घरचे आंबेमोहोराचे, वर नारळ, खण, हळदकुंकवाच्या पुड्या. कोरडी झालेली नाव परत पाण्यात घालायची म्हणजे परत ओटी आलीच. बंधाऱ्यांपाशी नाव ओलीच असायची, म्हणून तिथं ही वेळ आली नव्हती. मामंजींनी हे सगळं घरनं बांधून आणलं होतं, आणि मला ठाऊक नव्हतं.

"हितं काय पाटील-बिटील न्हाईत," मामंजी जमिनीकडं बघत म्हणाले. "नावंवर तूच सवाशीण. मान तुजा, पोरी. भर वटी."

मी सूप उचललं. नाही म्हटलं नाही आणि भरलीही नाही. नुसती सूप धरून पाण्याच्या कडेला उभी राहिले. मनात एवढंच आलं, की म्हणजे हे मला करता येत होतं तर. सवाष्ण तर मी तेव्हाही होते. पोर मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलेली एक सवाष्ण घरातच होती, आणि मामंजींनी गाडी धाडली दुसऱ्या गावाला.

तेवढ्यात मागं दाणकन आवाज झाला. वळून बघते तर ह्यांनी पाचरीला लाथ घातलेली. एकच. पाचर उडाली, ओंडका फिरला आणि नाव सरसरत माझ्या बाजूनं पाण्यात गेली. पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत उडालं. "आरं येड्या!" म्हणून मामंजी धावले, कारण दोर बांधलेला नव्हता आणि नाव चालली प्रवाहाला. म्हातारा तसाच कपड्यांनिशी कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि दोर पकडून उभा राहिला.

आणि मी ती पाचर बघत होते. हातभर लाकडाचा तुकडा, चिखलात पडलेला. एवढंच होतं होय ते! एका लाथेचं काम!

मग मला काय झालं ते मला आजही धड सांगता येत नाही. मी सूप खाली ठेवलं आणि ओरडले. नदीकाठ दणाणला असेल. "तवा का न्हाई मारलीत ही लाथ? तवा काय पाय मोडले व्हते? दिसरात बसलात वल्हं घिऊन, तवा कुठं गेला व्हता ह्यो पाय?" मी रागावले की माझ्या तोंडी माझी खरी बोली येते. घाटावरच्या बायका धुणं टाकून बघायला लागल्या. म्हटलं, बघा, बघा.

हे समोर उभे. खाली मान. "आबाला भ्यालो," म्हणाले.

"आन आता? आता न्हाई भ्यालात?"

"आता तुला भ्यालो."

मला कळेना.

"तू उतरणार हायस म्हायेराला," हे म्हणाले. "म्हाईत हाय मला. तुज्या बोचक्यात त्याचं आंगडं हाय. चार दिसांला जाणारं माणूस पोराचं आंगडं नेतंय व्हय?"

इतके दिवस हे पुढं बांबू मारत उभे होते, माझ्याकडं पाठ करून. मला वाटत होतं ह्या माणसाला कशाची शुद्ध नाही. आणि हा माणूस घरापासनं इथपर्यंत हे जाणून बांबू मारत होता. एका शब्दानं बोलला नव्हता. मी तिथंच चिखलात बसले आणि रडायला लागले. आखाडातलं सगळं रडू तिथं, परक्या गावाच्या घाटावर. नव्या बांगड्या भरलेले दोन्ही हात तोंडावर घेऊन रडले. हे जवळ येऊन बसले. अंगाला हात लावायची काही त्यांची हिंमत झाली नाही.

मामंजी पाण्यातच उभे होते, दोर धरून. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ओरडले नाहीत, ओटी भर म्हणाले नाहीत. पुष्कळ वेळानं त्यांनी नाव काठाला आणली, खुंट्याला बांधली आणि ओल्या धोतरानं नावेच्या टोकाला जाऊन बसले, आमच्याकडं पाठ करून.

दिवे लागायच्या सुमाराला मी तोंड धुतलं, नावेत चढले, शेगडी पेटवली. पिठाच्या डब्याकडं हात गेला, आणि मी तो मागं घेतला. सूप ओढलं. नारळ, खण, पुड्या बाजूला काढल्या. सुपातले तांदूळ धुतले आणि चढवले. नदीच्या ओटीचे तांदूळ कुणी शिजवत नाही. नदीला ठेवलेलं माणूस खात नाही, असं आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. आंबेमोहोराचा वास सगळ्या नावेत पसरला. तो वास मामंजींना कळला नसेल असं होणारच नाही.

ह्यांना वाढलं. मला वाढून घेतलं. मग मामंजींची थाळी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी भाताकडं बघितलं. "ह्ये कुठलं तांदूळ?" विचारलं. ठाऊक असून विचारलं.

"नदीचं," मी म्हटलं. मला वाटलं थाळी फेकून देतील. फेकावी असंच मला वाटत होतं, म्हणजे मलाही बोलायला मिळालं असतं. एक म्हणून शब्द गिळायचा नाही असं मी ठरवून बसले होते.

म्हाताऱ्यानं थाळी हातात घेतली. मग एक घास घेतला, दुसरा घेतला. दाढीवरनं पाणी ओघळत होतं, ते नदीचं नव्हतं, नदीचं केव्हाच वाळलं होतं. भात संपवला. आणि थाळी माझ्यापुढं करून म्हणाले, "आजून थोडा घाल, पोरी."

मी घातला. ते दोघे बापलेक पोटभर जेवले. मीही जेवले. आखाडापासनं पहिल्यांदा जेवणाला चव लागली, याची मला लाज वाटली होती.

मी त्यांना माफ केलं असं कुणी समजू नये. दोघंही आज नाहीत, तरी पहिला पूर आला की माझा जीव जळतो आणि मी दोघांनाही मनातल्या मनात चार शिव्या देते. दिल्याशिवाय मला राहवत नाही, आणि देऊन झाल्यावर मला त्यांची आठवण येते.

त्यानंतर किती तरी दिवस नाव चालत होती. बंधारे आले, बैल लावले, दापोडीच्या पुढं मुळा मिळाली, पुण्याच्या बाजूनं गेलो, नदी मोठी झाली. एका सकाळी माझ्या माहेरचा घाट दिसायला लागला. भाऊ आलेला होता. बैलगाडी आणलेली, आत कडबा अंथरून वर गोधडी घातलेली, माझ्या सामानासाठी. मी त्या गाडीकडं बघितलं. मामंजी दुसऱ्या काठाकडं बघत बसले. ह्यांनी पुढं उडी टाकली, दोर धरला आणि काठावर उभे राहिले. माझ्याकडं बघितलं नाही.

मी बोचकं उचललं. काठापर्यंत आले. भावानं घ्यायला हात पुढं केला. मी ते त्याच्या हातात दिलं नाही. ह्यांच्याकडं दिलं. म्हटलं, "धरा. ह्यात काय हाय ते ठावं हाय ना? भिजवू नका." आणि रिकाम्या हातानं घाट चढले.

"आगं, आन सामान?" भाऊ मागनं म्हणाला. "गाडी कशापायी आणली मंग?"

"आईला भेटाया जायाला," मी म्हटलं. मग वळून ह्यांना सांगितलं, "येते सांजच्याला. तवर थांबा."

आईपाशी बसले, रडले, जेवले, परत रडले. ऊन कलल्यावर भावानं गाडीनं घाटावर आणून सोडलं. नाव होती तिथंच होती. मामंजी आत झोपले होते. आणि हे काठावर उभे, एका काखेत माझं बोचकं, दुसऱ्या हातात दोर. खुंटा पायाशी होता. दिवसभरात दोर त्याला बांधायचं त्या माणसाला सुचलं नव्हतं.